लिफ्टपर्यंत पोचलेली थेरपी : पॅनिकच्या ऑनलाइन उपचाराचं एक प्रकरण

या लेखातला गृहस्थ म्हणजे कुणी एक माणूस नाही. पॅनिकचा, म्हणजे एकाएकी उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचा, त्रास घेऊन ऑनलाइन थेरपीकडे वळणाऱ्यांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते एकत्र करून हे प्रकरण उभं केलं आहे. म्हणून त्याला नाव नाही. उपचाराची पद्धत, मोजपट्ट्या आणि त्यामागचं शास्त्र मात्र खरं आहे. ऑनलाइन थेरपी घ्यायची तर प्रत्यक्षात काय काय होतं, हे आधी कळावं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट मला विशेष करून सांगायची आहे. पडद्यावरच्या थेरपीतून निघून जाणं फार सोपं असतं. पुढची वेळ घ्यायची नाही, झालं. आणि 'याचा मला उपयोग होत नाहीये' हे वाक्य माणूस सगळ्यांना सांगतो, फक्त थेरपिस्टला सांगत नाही. या प्रकरणात ते सांगितलं गेलं, म्हणून उपचार पुढे गेला.

तक्रार

वय ३६, हिशेबखात्यात नोकरी, काम बरंचसं घरून. काही महिन्यांपूर्वी ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकाएकी छाती धडधडायला लागली, दरदरून घाम सुटला, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण आता मरतो अशी खात्रीच झाली. सहकाऱ्यांनी इमर्जन्सी विभागात नेलं. ईसीजी नॉर्मल आला. पुढे फिजिशियनने थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन पाहिलं. तिथेही काही सापडलं नाही.

ही पायरी मुद्दाम आधी सांगते आहे. थायरॉइडचं प्रमाण वाढलं असेल, हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, कॉफी फार होत असेल किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असेल, तरी थेट अशीच लक्षणं येऊ शकतात. व्हिडिओ कॉलवर नाडी बघता येत नाही. त्यामुळे चांगला थेरपिस्ट पहिल्याच भेटीत विचारतो, 'डॉक्टरांना दाखवलंत का? काय काय तपासलं?' कुणी न विचारताच 'हे सगळं मनाचं आहे' म्हणत असेल, तर तिथे थांबलेलं बरं.

तपासण्या चांगल्या आल्या तरी त्रास गेला नाही. लिफ्ट सुटली, मग गर्दीच्या जागा सुटल्या, मग एकट्याने लांब जाणं. मनगटावर स्मार्टवॉच आलं आणि दिवसभर त्यावर ठोके बघणं सुरू झालं. खिशात पाण्याची बाटली, हातात फोन, बसायचं ते दाराजवळ. झटके आता क्वचित येत होते, पण ते येतील या धास्तीने दिवस भरलेला असायचा. जवळच्या माणसांना वाटत होतं, बरा होतोय. खरं तर त्याचं फिरणं आकसत चाललं होतं.

ऑनलाइन थेरपी त्याने का निवडली? त्याचं उत्तर सरळ होतं : 'घराबाहेर पडावं लागत नाही.' याच कारणामुळे तो मदतीपर्यंत पोचला, आणि याच कारणात धोकाही होता. त्याबद्दल पुढे.

सुरुवात

थेरपिस्ट निवडताना त्याने दोन गोष्टी पाहिल्या. एक, शिक्षण आणि नोंदणी : आपल्या प्रोफाइलवर कुणीही स्वतःला 'कोच' किंवा 'मार्गदर्शक' म्हणवून घेऊ शकतं, म्हणून पदवी, प्रशिक्षण आणि नोंदणी क्रमांक सरळ विचारावा. खऱ्या व्यावसायिकाला त्याचा राग येत नाही. दुसरी गोष्ट, ओळखीच्या छोट्या कॉलवर त्याने विचारलं, 'पॅनिकसाठी तुम्ही नेमकं काय करता?' उत्तर नेमकं मिळालं. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी (भीती टिकवणारे विचार आणि सवयी तपासून बदलायची पद्धत), आठवड्यातून एकदा ५० मिनिटं, साधारण दहा ते चौदा सत्रं, आणि दोन सत्रांच्या मधे सराव. 'आपण बोलू, बघू' इतकंच उत्तर आलं असतं, तर या तक्रारीसाठी ते मी अपुरं मानलं असतं.

पहिल्या सत्राचा अर्धा वेळ व्यवस्थेतच गेला, आणि त्याला ते विचित्र वाटलं. मन मोकळं करायला आलो आणि या बाई पत्ता विचारतायत! पण प्रत्येक प्रश्नाला कारण होतं. आत्ता तुम्ही कुठे आहात, कारण काही झालं तर मदत तिथेच पाठवावी लागेल; हा प्रश्न दर सत्राच्या सुरुवातीला येणार. तातडीच्या वेळी फोन करता येईल असं जवळचं एक माणूस कोण? त्याने पत्नीचा नंबर दिला. कॉल तुटला तर परत कोण लावणार? थेरपिस्ट, दोन मिनिटांत, आणि लागला नाही तर साध्या फोनवर. खोलीत कुणी आलं तर? एक वाक्य ठरलं, 'ती फाइल नंतर पाठवतो'. ते ऐकलं की थेरपिस्ट विषय बदलणार. सत्राचं रेकॉर्डिंग होणार का? नाही, दोन्हीकडून नाही. टिपणं कुठे राहतात, कोण वाचू शकतं? गोपनीयता कुठे संपते? जिवाला धोका असेल तिथे. हे सगळं लेखी आलं आणि त्याने संमती दिली.

मग प्रश्नावल्या आल्या. पीएचक्यू-९ हा नैराश्याच्या लक्षणांचा नऊ प्रश्नांचा तक्ता आहे; गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो, गुण ० ते २७. पॅनिकसाठी सात प्रश्नांची वेगळी पट्टी असते, तिचे गुण ० ते २८. त्याचे गुण आले ११ आणि १७. म्हणजे नैराश्य मध्यम, पॅनिकचा त्रास बराच. पीएचक्यूमधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्याने 'अजिबात नाही' वर खूण केली होती. थेरपिस्टनी तरी तोंडी विचारलं. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट, मनात असतील तर माणसाला ते बोलून दाखवायला जागा मिळते.

दुसऱ्या सत्रात त्याने एक गोष्ट सांगितली जी आजवर कुणाशी बोलला नव्हता. वडील हृदयविकाराने गेले तेव्हा ते त्याच्याहून थोडेच मोठे होते, आणि ते वय आता जवळ येत होतं. सांगून झालं, वेळ संपली, पडदा काळा झाला, आणि पुढच्याच मिनिटाला तो ऑफिसचे मेल वाचत होता. प्रत्यक्ष भेटीला गेलेल्या माणसाला परतीची वाट मिळते, त्या वाटेत मन खाली बसतं. इथे ती वाट नाही. पडद्यावर माणूस लवकर मोकळा होतो, याकडे मानसशास्त्रज्ञ जॉन सूलर यांनी २००४ मध्येच लक्ष वेधलं होतं. त्याची दुसरी बाजू अशी की नंतर उघडं पडल्यासारखं वाटतं. म्हणून सत्रानंतरची पंधरा मिनिटं कॅलेंडरमध्ये आधीच राखून ठेवावीत आणि त्या वेळात फोन बघू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

तिसऱ्या सत्रानंतरचा मेसेज

तिसरं सत्र वाईट गेलं. आवाज अडखळत होता, थेरपिस्ट मधेच खाली बघत होत्या, आणि तो मात्र कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात स्वतःचाच चेहरा न्याहाळत होता : पांढरा पडलाय का, घाम दिसतोय का? त्या आठवड्यात एक झटकाही आला. सत्र संपल्यावर त्याने ठरवलं की बास. पुढची वेळ रद्द करायला ॲप उघडलं. रद्द करण्याचं कारण भरायची एक रिकामी जागा होती, आणि तिथे त्याने खरं लिहिलं :

'मॅडम, फरक पडत नाहीये. आणि मी बोलत असताना तुम्ही खाली बघता, तेव्हा वाटतं तुमचं लक्ष दुसरीकडे आहे.'

उत्तर त्याच दिवशी आलं. त्यात समजावणी नव्हती. 'हे लिहिलंत ते फार बरं केलंत. थांबायचं की नाही हे तुम्हीच ठरवायचं, पण त्याआधी एकदा याच विषयावर बोलू या.'

चौथं सत्र याच बोलण्याने सुरू झालं. थेरपिस्टनी मांडीवरची वही उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. त्या त्यात टिपणं घेत होत्या. समोरासमोर बसलं असताना वही आपोआप दिसते, कॉलवर ती चौकटीबाहेर राहते आणि माणूस वाटेल तो अर्थ लावतो. पुढे त्या लिहायच्या आधी 'एवढं टिपून घेते' म्हणू लागल्या. त्याने स्वतःचा चौकोन लपवला. व्हिडिओ कॉलच्या थकव्यावर जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये लिहिलं, त्यात सतत स्वतःचा चेहरा समोर असणं हे एक कारण दिलं आहे. पॅनिकच्या माणसाला तर हा आरसा दुप्पट जाचक, कारण त्याला शरीरात काही बिघडतंय का हे शोधायची सवय आधीच जडलेली असते.

खरी गाठ मात्र पुढे सुटली. थेरपिस्टनी विचारलं, 'फरक पडला असं तुम्ही कधी म्हणाल?'

'झटका परत कधीच आला नाही तर.'

'आणि मी गेले तीन आठवडे दुसऱ्याच गोष्टीवर काम करतेय. झटका आला तरी तुम्हाला त्याची भीती वाटू नये, यावर.'

दोघं दोन वेगळ्या मुक्कामांना निघाले होते. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन घटक सांगितले : ध्येयाबद्दल एकमत, ते गाठायच्या कामाबद्दल एकमत, आणि परस्परांतला विश्वास. लोकांना वाटतं विश्वास तुटला म्हणून थेरपी फसते. कितीदा तरी गोंधळ पहिल्याच घटकात असतो आणि कुणी तो उघड बोललेलं नसतं. इथे तो चार वाक्यांत समोर आला, कारण त्याने ती रिकामी जागा भरली होती.

तीन सत्रांत फरक दिसावा ही अपेक्षाही तपासून घ्यायला हवी. केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये बऱ्याच संशोधनांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा मोजता येण्याजोगी सुधारणा आठव्या सत्रापर्यंत साधारण निम्म्या लोकांत आणि २६ सत्रांपर्यंत सुमारे ७५ टक्के लोकांत दिसली. म्हणून तिसऱ्या सत्रानंतर निराश होणं स्वाभाविक असलं, तरी निकाल द्यायला ते लवकर आहे. सहा-आठ सत्रांनंतरही गुण हलले नाहीत, तर मात्र पद्धत बदलायची, औषधाचा विचार करायचा की थेरपिस्ट बदलायचा, हा विषय काढायलाच हवा. तो काढण्याचा अधिकार उपचार घेणाऱ्याचा आहे.

भीतीचं चक्र

डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेलं पॅनिकचं चक्र थेरपिस्टनी स्क्रीन शेअर करून त्याच्याच शब्दांत काढलं. छातीत धडधड, 'हा ॲटॅक आहे', भीती, भीतीने धडधड आणखी, 'बघ, खरंच आहे'. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून चक्कर आणि मुंग्या येतात, आणि त्याही पुरावा म्हणून जमा होतात. स्मार्टवॉच, बाटली, दाराजवळची जागा हे सगळं वाचवणारं वाटतं. पण यामुळेच 'त्यावाचूनही मी वाचलो असतो' हे कळायची संधी जाते.

पाचव्या-सहाव्या सत्रात, ज्यांची भीती वाटते ती लक्षणं मुद्दाम आणून पाहायचा सराव आला. फिजिशियनने हृदय आणि फुप्फुसं ठीक असल्याचं सांगितलं होतं, ते पुन्हा विचारून घेतल्यावरच. दमा, हृदयरोग, फिट्स, गरोदरपण यांत हे व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचे नसतात. थेरपिस्ट म्हणाल्या, 'आपण दोघंही मिनिटभर जोरात, भराभर श्वास घेऊ.' आधी त्याने अंदाज लिहिला : 'बेशुद्ध पडेन, शक्यता ९० टक्के.' मिनिट संपलं. चक्कर आली, ओठ बधिरले, हात थरथरले. समोर थेरपिस्टचाही चेहरा लाल झाला होता, त्यांनाही धाप लागली होती. तो बेशुद्ध पडला नाही. पॅनिकमध्ये रक्तदाब सहसा वाढतो आणि बेशुद्ध पडायला तो एकदम खाली यावा लागतो, हे त्यांनी तेव्हा सांगितलं, आधी नाही. आधी सांगितलं असतं तर ती एक माहिती राहिली असती. आता तो त्याचा अनुभव होता. फिरत्या खुर्चीवर गरगर फिरणं, स्ट्रॉमधून श्वास घेणं, जागच्या जागी धावणं हे त्याने आठवडाभर एकट्याने केलं आणि दर वेळी अंदाज आणि घडलं ते शेजारी शेजारी लिहिलं.

असा उपचार पडद्यावरून खरंच होतो का, ही शंका योग्य आहे. स्वीडनमध्ये पेर कार्लब्रिंग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पॅनिकसाठी दहा प्रत्यक्ष सत्रं आणि ईमेलवरच्या थोड्या मदतीसह इंटरनेटवरचा दहा भागांचा कार्यक्रम यांची तुलना केली. परिणाम बऱ्याच अंशी सारखे आले. तिथे तर व्हिडिओही नव्हता. पण दोन्हीकडे ठरलेला अभ्यासक्रम होता आणि मागे माणूस होता, हे विसरून चालणार नाही. सोबतीला कुणी नसलेली ॲप्स लोक फार लवकर सोडून देतात.

लिफ्ट

आता सुरुवातीचा धोका. थेरपी घरातच होत राहिली, तर तीही टाळण्याचाच एक प्रकार होऊन बसते. दर आठवड्याला छान बोलणं होतं, आणि माणूस जिने चढतच राहतो. पण हीच थेरपी फोनवर असल्यामुळे भीती जिथे आहे तिथे जाऊ शकते. दवाखान्यातल्या थेरपिस्टला त्याच्या इमारतीच्या लिफ्टपाशी येणं अवघड गेलं असतं. आठवं सत्र त्याने कानात इअरफोन घालून लिफ्टच्या दारात सुरू केलं.

लिफ्टमध्ये नेटवर्क जाणार हे दोघांना ठाऊक होतं, आणि थेरपिस्टनी ते टाळलं नाही. त्या म्हणाल्या, 'दार बंद झालं की कॉल तुटेल. बाहेर आलात की तुम्हीच लावा. तोवर मी वाट बघते.' कारण त्यांचा आवाजही हळूहळू त्या पाण्याच्या बाटलीसारखा आधार झाला असता. अंदाज लिहिला गेला : 'श्वास बंद पडेल, ८० टक्के.' भीती दहापैकी आठ.

पहिल्या फेरीत कॉल तुटला. बाहेर येऊन त्याने लावला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. थेरपिस्टनी शाबासकी दिली नाही, विचारलं : 'श्वासाचं काय झालं?' तो म्हणाला, 'चालू होता. जोरात, पण चालू होता.' लगेच दुसरी फेरी. तिसरी. चौथ्या फेरीत घड्याळ घरी ठेवलं; भीती पुन्हा आठवर गेली. हे अपेक्षितच होतं, आधार काढला की ती वर जाते. सत्र संपताना ती पाचवर होती. शून्यावर आली नाही, यायची गरजही नव्हती. त्या आठवड्यात तो रोज लिफ्टने गेला.

पुढे एका रात्री झोपेतून दचकून उठल्यावर जोराचा झटका आला. झोपेतही पॅनिक येतं, हे थेरपिस्टनी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी सकाळी त्याचा मेसेज होता, 'सगळं परत पहिल्यासारखं.' पुढच्या सत्रात दोघांनी फक्त एवढंच पाहिलं की झटक्यानंतर त्याने काय केलं. घड्याळ पाहिलं नाही, इमर्जन्सीत गेला नाही, आणि सकाळी लिफ्ट घेतली.

कुणाला हे चालणार नाही

हे सगळं इतकं नीट जमलं त्याला त्याची परिस्थिती कारण होती. बंद करता येणारं दार होतं, घरात माणसं आधार देणारी होती, जिवाला धोका नव्हता. ज्याच्या मनात आत्महत्येचा बेत ठरत आलाय, ज्याला भास होतात किंवा वेडसर उत्साहाची लाट (मेनिया) आली आहे, दारू किंवा गोळ्या एकदम सोडल्याने ज्याचं शरीर बिघडलं आहे, त्याने आठवड्याच्या व्हिडिओ कॉलवर विसंबू नये. त्याला प्रत्यक्ष आणि तातडीची मदत हवी. आणि ज्या बाईला मारहाण करणारा माणूस शेजारच्या खोलीत आहे, तिच्यासाठी घरातून केलेला कॉल हाच धोका ठरू शकतो. तिथे आधी सुरक्षित जागा शोधायची.

औषधाचा प्रश्न त्याने सहाव्या सत्रात काढला होता. औषध मनोविकारतज्ज्ञ देतात; पॅनिकमध्ये एसएसआरआय गटातल्या (नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या) गोळ्यांचा उपयोग होतो आणि परिणाम दिसायला काही आठवडे जातात. थेरपिस्टनी एकदा भेटून यायला सुचवलं. तो भेटला, आणि तूर्त गोळ्यांशिवाय चालू ठेवायचं असं तिघांनी मिळून ठरवलं. गोळ्या घेतल्या असत्या तरी तो उपचारच होता, त्यात हार काही नव्हती. चालू असलेली गोळी मात्र कुणीही आपल्या मनाने बंद करू नये.

बाराव्या सत्रात पॅनिकच्या पट्टीवर गुण ५ आले, पीएचक्यू-९ वर ४. वडिलांच्या वयाची धास्ती पूर्ण गेलेली नाही. त्या दुःखावर वेगळं काम करायचं का, हे ठरवायला त्याने वेळ मागून घेतला आहे. शेवटच्या सत्रात दोघांनी एक पान तयार केलं : त्रास परत डोकावला तर आधी कशातून कळेल (घड्याळाकडे हात जाणं, जिन्याकडे वळणं), तेव्हा कोणता सराव करायचा, आणि किती दिवसांत आराम पडला नाही तर फोन करायचा. पाठपुराव्याची सत्रं एका महिन्याने आणि तीन महिन्यांनी ठरली आहेत. त्यातल्या पहिल्याला प्रत्यक्ष भेटायला येतो, असं तो स्वतःहून म्हणाला.